छंद आणि रोजचा वापर: कुठला सिंगल बोर्ड कॉम्प्युटर घ्यावा?

रानपाखरू

नमस्कार मंडळी. घरासाठी छोटा सिंगल बोर्ड कॉम्प्युटर (एकाच सर्किट बोर्डावर मावणारा संगणक) घ्यायचा आहे. गाव अकोला, म्हणजे उन्हाळ्यात बंद खोलीतही चाळिशीच्या आसपास तापमान आणि अधूनमधून लाईट जाणं हे धरूनच चालायचं. कामं ही:

- मॉनिटरला जोडून ब्राउझर, मेल, मराठी टायपिंग, थोडं पायथन
- हार्डडिस्कमधले सिनेमे टीव्हीवर बघणं
- चोवीस तास चालू ठेवून पाय-होलने जाहिराती अडवणं आणि फोनमधल्या फोटोंची घरच्या घरी प्रत ठेवणं
- गच्चीवरच्या टाकीची पातळी मोजून अर्धा एचपीचा पंप चालू-बंद करणं

रास्पबेरी पाय ४, पाय ५, ऑरेंज पाय ५ आणि एन१०० प्रोसेसरचा मिनी पीसी अशी नावं समोर आहेत. लिनक्सची तोंडओळख आहे, सोल्डरिंग जमतं. सगळं एकाच बोर्डावर बसवावं का? रॅम किती घ्यावी?

शून्य_एक

आधी यादीतली चौथी ओळ वेगळी काढा. ज्या यंत्रावर ब्राउझर उघडतो, अपडेट होतात, कधी हँग होतं, त्यावर पंप ठेवू नये. त्यासाठी ईएसपी३२ (वायफाय असलेला छोटा मायक्रोकंट्रोलर) वापरा आणि मोठ्या बोर्डाला फक्त पातळीचे आकडे वायफायवरून पाठवा. बोर्ड बंद पडला तरी टाकी भरत राहिली पाहिजे.

उरलेल्या तीन कामांची गरज सारखी नाही.

पाय-होलला जवळजवळ काहीच लागत नाही. रास्पबेरी पाय झिरो २ डब्ल्यूवर, ५१२ एमबी रॅममध्येही ते निवांत चालतं. पण त्या बोर्डावर ब्राउझरची अपेक्षा ठेवू नका. शिवाय त्याला इथरनेट नाही आणि वायफाय फक्त २.४ गिगाहर्ट्झचं.

डेस्कटॉपसाठी एका कोअरचा वेग आणि रॅम हेच महत्त्वाचं. पाय ४ (२०१९) मध्ये चार ए७२ कोअर, सुरुवातीला १.५ आणि नंतर १.८ गिगाहर्ट्झ. पाय ५ (२०२३) मध्ये चार ए७६ कोअर, २.४ गिगाहर्ट्झ. पाच-सहा टॅब उघडल्यावर हा फरक स्पष्ट जाणवतो. पाय ४ वर जड संकेतस्थळं अडखळतात, पाय ५ वर नाही.

व्हिडिओचं गणित मात्र सरळ नाही. पाय ४ मध्ये एच२६४ प्रकारचा व्हिडिओ उलगडणारा हार्डवेअर डीकोडर आहे, पाय ५ मधून तो काढून टाकला. एचईव्हीसी (एच२६५) प्रकाराचा डीकोडर दोन्हींत आहे, ४के ६० फ्रेमपर्यंत. पाय ५ चा प्रोसेसर १०८०पी एच२६४ निव्वळ ताकदीवर उलगडतो, त्यामुळे बघताना अडचण येत नाही. एन्कोडर (व्हिडिओ आकुंचित करणारा भाग) मात्र पाय ५ मध्ये अजिबात नाही. जेलीफिनसारखा सर्व्हर चालवून फोनसाठी व्हिडिओ लहान करून पाठवायचा असेल, तर पाय ५ चुकीची निवड आहे.

रॅम नंतर वाढवता येत नाही, ती बोर्डावरच सोल्डर केलेली असते. फोटोंसाठी इमिच (फोटो साठवणारा सर्व्हर) चालवणार असाल आणि त्यातली चेहरे ओळखण्याची सोय हवी असेल, तर ८ जीबी. नुसतं फाइली सिंक किंवा शेअर करणारं सिंकथिंग किंवा सांबा असेल, तर ४ जीबी पुरे. १६ जीबीचा पाय ५ (जानेवारी २०२५) तुमच्या यादीसाठी नको.

जुनाखोका

वरच्या यादीतली पहिली तीन कामं एन१०० मिनी पीसी जास्त सहज करतो. इंटेलचे चार कोअर, ६ वॅटचं टीडीपी आणि मुख्य म्हणजे एच२६४, एचईव्हीसी, व्हीपी९, एव्ही१ या चारही प्रकारांचं हार्डवेअर डीकोडिंग. साधं डेबियन किंवा उबुंटू थेट चढतं, खास इमेज शोधावी लागत नाही. एसएसडी आणि केस आतच येते.

पायच्या किमतीशी तुलना करताना नुसता बोर्ड धरू नका. बोर्ड, २७ वॅटचा अडॅप्टर, पंखा, केस, मायक्रो एचडीएमआय केबल, एनव्हीएमई हॅट (पायवर बसणारा, एसएसडी लावायचा जोडबोर्ड), एसएसडी अशी पूर्ण बेरीज करा. २०२५च्या अखेरीस रॅम महागली आणि पायच्या किमतीही वाढल्या. ८ जीबीच्या पायची अशी बेरीज मिनी पीसीच्या किमतीला सहज भिडते.

कमी पडतं ते दोन ठिकाणी. जीपीआयओ (सेन्सर, रिले जोडायच्या पिना) नाही आणि विजेचा खर्च जास्त. पाय ५ चोवीस तासांत सरासरी ४ वॅट धरला तर महिन्याला २.८८ युनिट. मिनी पीसी ९ वॅट धरला तर ६.४८ युनिट. फरक साडेतीन युनिटांचा, त्यामुळे केवळ बिलासाठी पाय घेण्यात अर्थ नाही. जीपीआयओसाठी यूएसबीला रास्पबेरी पाय पिको किंवा ईएसपी३२ लावा, प्रश्न मिटतो.

गिगाहर्ट्झ

ऑरेंज पाय ५ ला कुणी वाली नाही का? रॉकचिपची आरके३५८८एस चिप, चार ए७६ आणि चार ए५५ कोअर, ६ टॉप्सचा एनपीयू (एआयची गणितं करणारा भाग; टॉप्स हे त्याच्या वेगाचं माप), एव्ही१ आणि व्हीपी९ हार्डवेअर डीकोडिंग, बोर्डावरच एम.२ स्लॉट. त्याच पैशात पायपेक्षा कागदावर सगळं जास्त.

शून्य_एक

@गिगाहर्ट्झ, चिप उत्तम आहे, त्यात वाद नाही. अडचण कर्नलची, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याची आहे. रॉकचिपचा स्वतःचा कर्नल (५.१० आणि नंतर ६.१) घेतला तर व्हिडिओ डीकोडर आणि एनपीयू चालतात. मुख्य लिनक्समध्ये त्याच चिपचे एकेक भाग टप्प्याटप्प्याने, काही वर्षं घेत आले. म्हणजे हार्डवेअरचा पुरा फायदा हवा तर जुन्या कर्नलवर बसा, नवा कर्नल हवा तर काही सोयी सोडा. अशा बोर्डांसाठी लिनक्स बनवणाऱ्या आर्मबियनवाल्यांनी ही दरी पुष्कळ कमी केली आहे, तरी ‘अपडेट केलं आणि एचडीएमआयचा आवाज गेला’ असल्या तक्रारी सोडवण्याची तयारी हवी.

घेणाऱ्यांनी आणखी तीन गोष्टी पाहून ठेवाव्यात. साध्या ऑरेंज पाय ५ वर वायफाय नाही. ५बी मॉडेलवर वायफाय आणि ईएमएमसी (बोर्डावरचीच साठवण) आहे, पण एम.२ स्लॉट नाही. आणि जीपीआयओ हेडर २६ पिनांचा आहे, त्यामुळे पायसाठी बनवलेल्या ४० पिनी हॅट बसत नाहीत.

याउलट २०१२च्या पहिल्या पायवरही रास्पबेरी पाय ओएसची ३२-बिट आवृत्ती चालते. माझ्या मते नवशिक्याने पैसे मोजावेत ते या आधारासाठी. अडलं तर उत्तर सापडतं.

गिगाहर्ट्झ

मान्य. एनपीयूवर वस्तू ओळखण्याचे प्रयोग करायचे असतील, त्यासाठीची रॉकचिपची आरकेएनएन टूलकिट शिकायची इच्छा असेल, तर आरके३५८८. घरच्यांनी रोज वापरायचं यंत्र हवं असेल तर मीही ते सुचवणार नाही. पायला हायलोची एआय हॅट लावता येते, १३ किंवा २६ टॉप्सची. पण पाय ५ वर पीसीआयई कनेक्टर (एसएसडी, एआय हॅट जोडायची वेगवान जोडणी) एकच असल्याने, पीसीआयई स्विच असलेला वेगळा बोर्ड नसेल तर मग एनव्हीएमई एसएसडी लावता येत नाही, हे विसरू नका.

कळफलक

मराठीपुरतं सांगतो. रास्पबेरी पाय ओएसवर देवनागरीच्या जागी चौकोन दिसले तर नोटो किंवा लोहित देवनागरी फॉन्टचं पॅकेज टाका. टायपिंगसाठी फसिटिक्स ५ आणि त्याचं एम१७एन मोड्यूल घ्या. त्यात मराठीखाली इनस्क्रिप्ट, आयट्रान्स आणि गमभन हे पर्याय मिळतात. पॅकेज टाकल्यावर लॉगआउट करून परत या, तोवर यादीत मराठी दिसत नाही. सिस्टिमची भाषा मराठी ठेवली तर नोटोमध्ये ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे येतात, हिंदी वळणाचे नाही. ज्याला रोज मराठी वाचायचं आहे त्याने हे जरूर करावं.

तापमापक

अकोला म्हटलंय म्हणून वीज आणि उष्णता यांवर जरा सविस्तर लिहितो. बोर्ड ‘खराब निघाला’ अशा बहुतेक तक्रारींचं मूळ अडॅप्टरमध्ये सापडतं.

पाय ५ ला हवा ५ व्होल्ट ५ अँपिअर. लॅपटॉपचा ६५ वॅटचा टाइप-सी चार्जर आहे म्हणून चालेल असं वाटतं, पण ते चार्जर जास्त ताकद देतात ती ९, १५, २० व्होल्टला. ५ व्होल्टला ते ३ अँपिअरच देतात, आणि पाय फक्त ५ व्होल्टच मागतो. ३ अँपिअरवर पाय ५ चालू होतो, मात्र चारही यूएसबी पोर्टांना मिळून ६०० मिलिअँपिअरच सोडतो. ५ अँपिअरचा अडॅप्टर ओळखला की ही मर्यादा १.६ अँपिअर होते. अडीच इंची हार्डडिस्क फिरायला सुरुवात करताना एक अँपिअरच्या आसपास घेते. ६०० मिलिअँपिअरमध्ये ती टकटक आवाज करत सुटते, आणि माणूस डिस्क बदलत बसतो.

कॉन्फिग फाइलमध्ये यूएसबी_मॅक्स_करंट_एनेबल=१ (usb_max_current_enable=1) लिहून ही मर्यादा उठवता येते. अडॅप्टर खरोखर ५ अँपिअरचा असेल तरच हे करा, नाहीतर डिस्क फिरताना आख्खा बोर्ड रीस्टार्ट होईल.

पाय ४ ला ५ व्होल्ट ३ अँपिअर पुरतो. जुना पाय ४ घेत असाल तर पहिल्या आवृत्तीत टाइप-सीच्या, जोडलेली केबल-चार्जर ओळखणाऱ्या दोन सीसी पिनांना एकच रेझिस्टर होता, त्यामुळे चिपवाल्या महागड्या केबलने तो चालू होत नाही. साध्या केबलने होतो. पुढच्या आवृत्तीत ते सुधारलं.

फोनच्या लांब, बारीक केबलमध्येच व्होल्टेज पडतं. ४.६३ व्होल्टच्या खाली गेलं की पाय कमी व्होल्टेजचा इशारा देतो. टर्मिनलमध्ये व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड (vcgencmd get_throttled) चालवा. उत्तर ०एक्स० आलं तर सगळं ठीक. ०एक्स५०००० म्हणजे बोर्ड चालू झाल्यापासून कधीतरी व्होल्टेज पडलं आणि वेगही कमी करावा लागला. ०एक्स५०००५ म्हणजे हे दोन्ही आत्ता, या क्षणीही चालू आहे.

उष्णता: ८० अंशांपासून पाय ५ स्वतःचा वेग कमी करू लागतो, ८५ ला आणखी कापतो. पंख्याशिवाय भर कामात तो पुण्याच्या हिवाळ्यातही तिथवर जातो, अकोल्याच्या मे महिन्याचं तर बोलायलाच नको. ॲक्टिव्ह कूलर घ्याच. त्याचा पंखा ६० अंशांना सुरू होतो, ६७.५ ला वेग वाढवतो आणि ७५ ला पूर्ण वेगाने फिरतो. खोली ४२ अंशांवर असेल तेव्हा पंखा सतत फिरेल, त्यात काळजीचं काही नाही. बंद प्लॅस्टिकची केस नको, वरून उघडी हवी. पश्चिमेच्या भिंतीला चिकटवू नका, राउटरच्या डोक्यावर ठेवू नका. एवढं करूनही ८० गाठत असेल तर कॉन्फिग फाइलमध्ये आर्म_फ्रेक=१८०० (arm_freq=1800) लिहा. वेग २.४ वरून १.८ गिगाहर्ट्झ होतो, उष्णता चांगलीच उतरते, आणि पाय-होल व फोटोंच्या कामाला त्याने काहीच फरक पडत नाही.

खाडीकाठ

कोकणातल्यांसाठी एक पुरवणी. आमच्याकडे उष्णतेपेक्षा खारी, दमट हवा जास्त नुकसान करते. बंद ठेवलेला बोर्ड चालू बोर्डापेक्षा लवकर गंजतो, कारण चालू बोर्डाची स्वतःची ऊब ओल धरू देत नाही. पावसाळ्यात वापर नसला तरी चालू ठेवा. एचडीएमआय आणि यूएसबीचे मोकळे पोर्ट रबरी बुचांनी बंद करा. हिरवट डाग दिसले तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश. कॉन्फॉर्मल कोटिंग मारणार असाल तर आधी सगळे कनेक्टर आणि कार्डाचा स्लॉट टेपने झाका, नाहीतर संपर्कच तुटतो.

रानपाखरू

सविस्तर उत्तरांबद्दल सगळ्यांचे आभार. जेलीफिन नको आहे, सिनेमे थेट टीव्हीला जोडूनच बघणार. जीपीआयओ शिकायचंही आहे, म्हणून पाय ५, ८ जीबी या निर्णयापाशी आलोय. आता तीन शंका. कार्ड की एसएसडी? लाईट गेल्यावर काय? आणि ओटीटी चालेल का?

शून्य_एक

ओटीटीचं आधी, कारण उत्तर छोटं आहे. ब्राउझरमध्ये चालतं, पण प्रमाणित उपकरण नसल्याने कमी रिझोल्युशनमध्ये. त्यासाठी टीव्हीची स्वतःची ॲप किंवा स्टिक वापरा. घरच्या सिनेमांसाठी लिब्रेलेक किंवा कोडी उत्तम, टीव्हीच्याच रिमोटने चालतं. यूट्यूब अडखळलं तर ब्राउझरमध्ये एच२६४ची सक्ती करणारं एक्स्टेन्शन टाका. टीव्हीची केबल टाइप-सी पोर्टाच्या शेजारच्या मायक्रो एचडीएमआयमध्ये लावा. आणि पाय ५ ला हेडफोनचा जॅक नाही, स्पीकर वेगळे लावायचे तर यूएसबी साउंड कार्ड लागेल.

कार्ड की एसएसडी: चोवीस तासांच्या यंत्राला एसएसडी. कार्ड दोन कारणांनी जातं. सततच्या बारीकसारीक लेखनाने झिजतं, किंवा लिहिता लिहिता वीज जाते आणि फाइलप्रणाली अर्धवट राहते. तुमच्याकडे दोन्ही कारणं हजर आहेत.

एनव्हीएमई घेताना तीन गोष्टी बघा. एक, एसएसडी एनव्हीएमईच हवी. दिसायला तशीच असलेली एम.२ साटा या हॅटवर चालत नाही. दोन, अधिकृत एम.२ हॅटवर २२३० आणि २२४२ मापाच्याच एसएसडी बसतात. बाजारात सहज मिळणारी २२८० हवी असेल तर तेवढी लांब हॅट वेगळी घ्या. तीन, पाय ५ चा पीसीआयई दुसऱ्या पिढीचा, एक लेनचा आहे, त्यामुळे साधारण ४०० ते ४५० एमबी प्रतिसेकंद मिळतात. महागडी वेगवान एसएसडी घेऊन काही हाती लागत नाही. तिसऱ्या पिढीचा वेग कॉन्फिगमधून चालू करता येतो, पण तो प्रमाणित नाही. फोटोंच्या प्रतीसाठी तो धोका घेऊ नका.

क्रम असा: आधी कार्डावर ओएस टाका, अपडेट करा, ईईप्रॉम (बोर्ड सुरू करणारं अंगभूत सॉफ्टवेअर) अपडेट करा, मग मेनूमधल्या ‘एसडी कार्ड कॉपिअर’ने सगळं एसएसडीवर उतरवा. रास्पी-कॉन्फिगमध्ये ॲडव्हान्स्ड, बूट ऑर्डर, एनव्हीएमई निवडा. बंद करा, कार्ड काढा, चालू करा.

कार्डावरच राहायचं असेल तर ए१ दर्जाचं ‘हाय एन्ड्युरन्स’ कार्ड घ्या, ३२ किंवा ६४ जीबी. लॉग रॅममध्ये ठेवा. ज्या बोर्डावर काही साठवायचंच नाही, तिथे रास्पी-कॉन्फिगमधली ओव्हरले फाइल सिस्टिम चालू करा, मग कितीही वेळा वीज गेली तरी कार्डावर काही लिहिलं जात नाही.

जुनाखोका

फोटोंबाबत एक आग्रह. पायवरची प्रत ही एकच प्रत असेल आणि फोनमधून फोटो पुसले, तर ती बॅकअप राहत नाही. आठवड्यातून एकदा दुसऱ्या डिस्कवर आरसिंकने प्रत करा आणि ती डिस्क काढून कपाटात ठेवा. डिस्क ईएक्सटी४ मध्ये फॉरमॅट करा. एक्सफॅटला जर्नल (लेखनाची नोंद) नसतं, वीज गेल्यावर तीच आधी बिघडते.

तापमापक

लाईटचं. वायफाय राउटरसाठी मिळणारा १२ व्होल्टचा मिनी यूपीएस बहुतेकांकडे असतो. त्याचं ५ व्होल्टचं यूएसबी आउटपुट साधारण २ अँपिअरचं, म्हणजे पाय ५ ला अपुरं. १२ व्होल्टच्या आउटपुटवर ५ व्होल्ट ५ अँपिअरचा बक कन्व्हर्टर (व्होल्टेज उतरवणारं सर्किट) लावा, पण आधी यूपीएस किती वॅट देऊ शकतो ते त्याच्या लेबलवर वाचा.

हिशोब: २२०० एमएएचचे तीन सेल म्हणजे साधारण २४ वॅट-तास, रूपांतरातली घट धरून २० वापरता येतात. एकटा पाय ४ वॅटने पाच तास. सोबत ८ वॅटचा राउटर असेल तर पावणेदोन तासांच्या आत संपेल.

काही जण बक कन्व्हर्टरची तार थेट जीपीआयओच्या २ किंवा ४ नंबरच्या पिनला देतात. ती वाट टाइप-सीच्या बाजूचं संरक्षण टाळून जाते. पोलॅरिटी उलटली किंवा कन्व्हर्टरने ५ ऐवजी १२ व्होल्ट सोडले तर बोर्ड जागीच जातो. टाइप-सीनेच द्या. असा कन्व्हर्टर किती अँपिअर देऊ शकतो हे पायला कळत नाही, म्हणून यूएसबीची मर्यादा उठवणारी वरची कॉन्फिगची ओळ इथे लागेल.

पाय ५ वर घड्याळ आहे, पण बॅटरी वेगळी लावावी लागते. ती चार्ज होणारी, अधिकृत जोडणीची घ्या. साधा सीआर२०३२ सेल लावून चार्जिंग चालू केलं तर सेल फुटू शकतो.

शून्य_एक

पाय-होलमध्ये नेहमी अडतं तेही लिहून ठेवतो. राउटरमध्ये पायचा आयपी पत्ता कायमचा राखून ठेवा आणि डीएचसीपीतला (उपकरणांना पत्ते वाटणारी सेवा) डीएनएस (संकेतस्थळाच्या नावावरून पत्ता सांगणारा सर्व्हर) म्हणून तोच द्या. इंटरनेट कंपनीने दिलेल्या बऱ्याच राउटरांत डीएनएस बदलता येत नाही. मग राउटरचा डीएचसीपी बंद करून पाय-होलचा चालू करा. दुसरा डीएनएस म्हणून बाहेरचा पत्ता देऊ नका. उपकरणं दोन्ही वापरतात आणि निम्म्या जाहिराती परत येतात. सगळं नीट करूनही जाहिराती दिसत असतील तर राउटर आयपीव्ही६ वर स्वतःचा डीएनएस वाटतोय का ते तपासा. यूट्यूबच्या जाहिराती पाय-होलने थांबत नाहीत, त्या व्हिडिओच्याच सर्व्हरवरून येतात.

सर्किटवेडा

आता टाकी आणि पंप. इथे २३० व्होल्ट आहेत, म्हणून घाई नको.

पातळीसाठी साधा एचसी-एसआर०४ हा ध्वनीने अंतर मोजणारा सेन्सर टाकीत टिकत नाही, वाफेने जातो. जेएसएन-एसआर०४टी हा जलरोधक घ्या. तो २० ते २५ सेंटिमीटरच्या आतलं अंतर मोजू शकत नाही, म्हणून भरलेल्या पाण्याच्या पातळीपासून किमान ३० सेंटिमीटर वर बसवा. ५ व्होल्टवर चालवला तर त्याची एको पिन ५ व्होल्ट देते. ईएसपी३२ असो की पाय, जीपीआयओ ३.३ व्होल्टचे आहेत. मध्ये १ के आणि २ के रेझिस्टरांचा व्होल्टेज डिव्हायडर लावा: एको ते जीपीआयओ १ के, जीपीआयओ ते ग्राउंड २ के. ५ चे ३.३ होतात.

तुमच्याकडच्या उन्हाळ्यासाठी आणखी एक. ध्वनीचा वेग २० अंशांना सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, ४५ अंशांना सुमारे ३५९. प्रोग्रॅममध्ये ३४३ ठोकून ठेवला तर १२० सेंटिमीटर अंतर दुपारी ११५ दिसतं, म्हणजे टाकी पाच सेंटिमीटर जास्त भरलेली वाटते. शेजारी डीएस१८बी२० हा तापमानाचा सेन्सर लावून (डेटा आणि ३.३ व्होल्ट यांमध्ये ४.७ के) वेग तापमानानुसार काढा: ३३१.३ अधिक ०.६०६ गुणिले तापमान. लागोपाठ पाच वाचनं घेऊन मधलं घ्या, सरासरी नको. लाटेमुळे आलेलं एखादं भलतंच वाचन सरासरी बिघडवतं.

ईएसपी३२ वर ३४ ते ३९ या पिना फक्त इनपुटसाठी आहेत, रिले तिथे चालणार नाही. सॉफ्टवेअरसाठी ईएसपीहोम सोपं पडतं. पातळीचे आकडे एमक्यूटीटीने (उपकरणांमध्ये छोटे निरोप पाठवण्याची पद्धत) पायवर पाठवा.

पंप: निळ्या रिले मोड्यूलवर १० अँपिअर लिहिलेलं असतं, म्हणून लोक मोटर थेट जोडतात. अर्धा एचपीची मोटर चालताना तीनेक अँपिअर घेते, पण सुरू होताना त्याच्या पाच ते सात पट. रिलेचे संपर्क वितळून चिकटतात आणि मग पंप बंदच होत नाही. रिलेने फक्त कॉन्टॅक्टरची (मोटरचा भार पेलणारा मोठा रिले) कॉइल चालवा. २३० व्होल्ट कॉइलचा, एसी-३ ला (मोटरच्या भाराचा दर्जा) ९ अँपिअरचा कॉन्टॅक्टर घ्या. कॉइलवर १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडचा स्नबर (धक्का शोषणारी जोडी) लावा, कपॅसिटर एक्स२ दर्जाचाच. स्नबर नसेल तर कॉन्टॅक्टर सुटताना ठिणगीच्या धक्क्याने ईएसपी३२ रीस्टार्ट होतो.

आणि हे टाळू नका: टाकीच्या काठाशी एक साधा फ्लोट स्विच बसवून तो कॉन्टॅक्टरच्या कॉइलच्या रांगेत टाका. त्याचे संपर्क २३० व्होल्टचे असतील याची खात्री करा. सेन्सर बिघडो, प्रोग्रॅम अडको, टाकी भरली की वीज तिथेच तुटते. खालच्या हौदातही तसाच एक उलटा, पंप कोरडा फिरू नये म्हणून. प्रोग्रॅममध्येही कमाल वेळ घाला. टाकी भरायला २५ मिनिटं लागत असतील तर ३५ मिनिटांनंतर पंप बंद आणि फोनवर सूचना. वायरिंग घरच्या इलेक्ट्रिशियनकडून एमसीबी आणि अर्थिंगसह करून घ्या.

रानपाखरू

हे सगळं उतरवून घेतलं. जीपीआयओ शिकताना पाय ५ वर जुनी पायथनची पुस्तकं चालतील का?

सर्किटवेडा

बरीचशी नाही. जुन्या उदाहरणांत आरपीआय.जीपीआयओ लायब्ररी असते. पाय ५ मध्ये पिना आरपी१ या वेगळ्या चिपवर गेल्या, त्यामुळे ती चालत नाही. जीपीआयओझिरो वापरा, किंवा आरपीआय-एलजीपीआयओ टाका. जुना कोड बहुतांशी तसाच चालतो. पायला ॲनालॉग इनपुट नाही. पोटेन्शिओमीटर, जमिनीतल्या ओलीचा सेन्सर असलं काही जोडायचं तर एमसीपी३००८ किंवा एडीएस१११५ ही ॲनालॉगचं डिजिटल करणारी चिप घ्या. कॅमेरा असेल तर पाय ५ चा कनेक्टर २२ पिनांचा आहे, पाय ४ ची १५ पिनी केबल बसत नाही, वेगळी मागवा.

रानपाखरू

आणि पार्सल आल्यावर, परत करण्याची मुदत संपायच्या आत काय काय तपासून घ्यावं?

तापमापक

या क्रमाने घ्या.

कार्ड आधी. एफ३ नावाचं साधन पूर्ण कार्ड भरून परत वाचतं. ६४ जीबी लिहिलेल्या नकली कार्डात प्रत्यक्षात ८ जीबी असले तर तिथेच कळतं.

मग ओएस. रास्पबेरी पाय इमेजरमध्येच वापरकर्ता, पासवर्ड, वायफाय आणि एसएसएच भरा. २०२२ पासून ‘पाय’ हा तयार वापरकर्ता येत नाही, आणि बूट विभागात वायफायची फाइल टाकण्याची जुनी युक्ती ओएसच्या बुकवर्म आवृत्तीपासून चालत नाही.

कूलर बसवून स्ट्रेस-एनजी हे ताण देणारं साधन चारही कोअरवर वीस मिनिटं चालवा, शेजारच्या खिडकीत तापमान बघत राहा. हे दुपारी करा. चाचणी चालू असतानाच हार्डडिस्क जोडून एक मोठी फाइल कॉपी करा, म्हणजे अडॅप्टरवर पूर्ण भार येतो. संपल्यावर गेट_थ्रॉटल्ड बघा. ०एक्स० असेल तर अडॅप्टर, केबल आणि कूलर तिन्ही ठीक. ०एक्स१०००० असेल तर व्होल्टेज पडलं, आधी केबल बदला, मग अडॅप्टर. ०एक्स८०००० असेल तर ८० अंशांची मर्यादा गाठली, कूलरचा थर्मल पॅड चिपवर नीट टेकलाय का आणि दोन्ही स्प्रिंगच्या पिना आरपार बसल्यात का ते बघा.

शेवटी यूएसबीचे चारही पोर्ट, दोन्ही एचडीएमआय, इथरनेट आणि वायफाय एकेक करून. यूएसबी ३ ला डिस्क लावल्यावर २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय मंदावलं तर बोर्डात दोष नाही. यूएसबी ३ च्या केबलीतून त्याच पट्ट्यात गोंगाट येतो. राउटरवर ५ गिगाहर्ट्झ निवडा, किंवा सरळ इथरनेटची तार ओढा.